रुखवतातला शिकंजा

शिकंजा माझा होता. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, कारण सातपूरच्या आमच्या जुन्या कॉलनीत कुणालाही विचारलंत तर तो सगळ्यांचा होता असंच सांगतील, आणि पवारकाका असते तर तो त्यांच्या एकट्याचा होता असं त्यांनी शपथेवर सांगितलं असतं. आज माझ्या दुकानात असले शिकंजे भिंतीवर ओळीने टांगलेले आहेत, तीन मापांचे, तेल लावून पुसलेले. पण त्या एकाची गोष्ट निघाली की अजून माझा आवाज चढतो आणि दुकानातली माणसं काहीतरी निमित्त काढून बाहेर पडतात.

आमच्या कॉलनीत सगळे कारखान्यातले. कुणी फिटर, कुणी टर्नर, कुणी वेल्डर. माझे वडील, अण्णा, फिटर होते. दोन-तीन वर्षांच्या अंतराने एकाचं बघून दुसऱ्याने अशा पाच घरांत पाच जुन्या मोटारी आल्या, सगळ्या एकाच जातीच्या आणि सगळ्या दुसऱ्यातिसऱ्या हातातून आलेल्या. गाडी गॅरेजला नेणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं होतं. आठवडाभर कंपनीत लोखंडाशी झटापट करणारी ही माणसं रविवारी सकाळी पुन्हा जुने कपडे चढवून आपापल्या गाडीखाली शिरायची, आणि पाच घरांपुढे नुसते पाय दिसायचे. रस्ते तेव्हा असे होते की चाकामागची स्प्रिंग वर्षा-दोन वर्षांत बसायचीच. मग गाडी कुरकुरायला लागायची, आणि प्रत्येक गाडीची कुरकुर वेगळी. आई स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता आवाजावरून सांगायची, "पवार आले. हे बघ, आता तुझे अण्णा," आणि हात न धुताच कोपराने गॅसवरच्या चहाच्या आधणाकडे खूण करायची. अण्णांनी एकदा स्प्रिंग बदलली तेव्हा गाडी आवाज न करता आली, तर चहा ठेवलेला नव्हता म्हणून घरात भांडण झालं.

ही स्प्रिंग म्हणजे मनगटाएवढ्या जाडीची नव्हे, पण चांगली अंगठ्याएवढ्या जाड सळईची वेटोळी. ती दाबून धरल्याशिवाय निघत नाही, आणि दाबलेली सुटली तर माणूस बघत नाही. आमचे लोक ती दोरखंडाने बांधून काढायचे. एका उन्हाळ्यात पवारकाकांची दोरी तुटली. आवाज झाला, काका मागच्या मागे बसले, आणि स्प्रिंग भिंतीवरून उडून आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत पडली. काका वर आले ते कुणाला लागलंय का हे बघायला नाही, स्प्रिंग मागायला. आईने आधी कुरडया भरून मागितल्या. दोन दिवस स्प्रिंग आमच्या कपाटात होती.

मी तेव्हा वीसएक वर्षांची. गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात काउंटरला होते. शेजारच्या गॅरेजात मी स्प्रिंग दाबायचा शिकंजा पाहिला होता: दोन आकडे, मध्ये आट्यांची लांब दांडी आणि एक चपटी पट्टी. आकडे स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांना अडकवायचे, दांडी पान्याने फिरवायची, स्प्रिंग मुकाट्याने आखडते. नवा घ्यायची ऐपत नव्हती. पण भद्रकालीच्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे तस्साच एक गंजून पडलेला दिसला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तासभर एका मोडक्या तराजूचा भाव केला. तो रडकुंडीला आला तेव्हा म्हणाले, "बरं, तराजू घेते, पण हे बिनकामाचं लोखंड वर टाक." तो म्हणाला, "घ्या ताई, पण जा." माझ्या पहिल्या पगारातून मी घेतलेली ती पहिली वस्तू. घरी येताना बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले होते. तराजू स्टँडवरच सोडून दिला.

आणि मग जे व्हायचं ते झालं. अण्णांनी आमची स्प्रिंग अर्ध्या तासात उतरवली, ते सगळ्यांनी पाहिलं, आणि पुढच्या रविवारी दारात रांग. शेजाऱ्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. दुसरी एक पद्धत मात्र होती. शेजारणीचं भांडं परत करताना रिकामं द्यायचं नसतं, त्यात काहीतरी घालून द्यायचं. ही पद्धत कॉलनीतल्या बायकांनी शिकंज्याला लावली. तो परत यायचा तो पिशवीतून, सोबत चिवड्याची पुडी, कधी द्राक्षांचा घड, कधी शेंगदाण्याचे लाडू, ग्रीसचा वास लागलेले. आई खूश होती. "भाजीचा खर्च निघतो की गं तुझ्या त्या सांडशीत," असं म्हणायची. पण त्याला 'शैलाचा शिकंजा' कुणी म्हणेना. 'कॉलनीचा शिकंजा' म्हणायचे. पवारकाका तर माझ्याच दारात येऊन मला विचारायचे, "आपला शिकंजा कुठे आहे गं सध्या?"

"आपला नाही काका. माझा."

"तेच ते. पोरी, इतकं माझं-माझं करू नये."

तेव्हा मी ठरवलं की त्याच्यावर नाव घालायचं.

भांड्यांवर नाव घालणारा महिन्या-दीड महिन्याने सायकलवर यायचा. लहानसं मशीन, त्याची वायर कुणाच्या तरी खिडकीतून आत, आणि मग दिवसभर दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा घर्र आवाज. त्या रविवारी तो पवारांच्या ओट्यावर बसला होता. काकांची मुलगी मंगल, माझी बालपणापासूनची मैत्रीण, तिचं लग्न पेठ गावी ठरलेलं, आणि रुखवताची भांडी, म्हणजे हंडे, डबे, ताटं, परातीपर्यंत सगळं, ओट्यावर रचलेलं. मी शिकंजा त्याच्यापुढे ठेवला. "शैला. एवढंच घाल. इथे, या पट्टीवर."

त्याने पट्टी नखाने वाजवली. "ताई, लोखंड आहे. सुई झिजते. अक्षराला दुप्पट पडतील."

"तू अक्षराचे घेतोस का धातूचे?"

"स्टीलच्या भांड्याचा भाव वेगळा, याचा वेगळा."

"मग पाटी लाव ना तशी सायकलला!"

शब्दाने शब्द वाढला. त्याने फक्त एका नावाचे दुप्पट मागितले होते, आणि नाव तीन अक्षरांचंसुद्धा नव्हतं. पण माझ्या डोक्यात शिरलं ते शिरलं. लोखंडावर नाव घालायला जास्त पडत नाही हे मी आता फिटरकडूनच वदवून घेते म्हणून मी शिकंजा तिथेच ओट्यावर आपटला आणि अण्णांना आणायला घरी गेले. अण्णा दाढी करत होते. अर्ध्या दाढीनिशी ते यायला तयार नव्हते, आणि तोंडाला साबण असताना ते माझ्या बाजूने बोलायलाही तयार नव्हते. आम्ही त्यावर भांडलो. तोवर तिकडे पवारकाकूंनी आतून, फोडणीच्या धुरातून ओरडून सांगितलं, "भाऊ, ओट्यावरचं सगळं एकाच मजकुराने घाला हो!" आणि तो नाव घालणारा सरळ माणूस होता. त्याने ओट्यावरचं सगळं घातलं. मी परतले तर तो गेलेला, भांडी ट्रंकेत कुलूपबंद, शिकंजा दिसेना. मला वाटलं, नेहमीसारखा गेला असेल कुणाच्या तरी गाडीखाली. लग्नघरात चौकशी करायला मला लाज वाटली. ही लाज मला आयुष्यात फार कमी वेळा वाटली आहे आणि प्रत्येक वेळी महागात पडली आहे.

तो मला दिसला तो लग्नात, रुखवताच्या टेबलावर. एका बाजूला शेवयांचं घरटं, दुसऱ्या बाजूला सांडग्यांचं तुळशीवृंदावन, आणि मधोमध माझा शिकंजा उभा. चिंचेने घासून लख्ख केलेला. दोन्ही आकड्यांना लोकरीची तोरणं. पट्टीवर सुरेख अक्षरांत: 'चि. सौ. कां. मंगल हिस आई-बाबांकडून सप्रेम भेट.' काकूंना वाटलं होतं की काकांनी काहीतरी नव्या पद्धतीचं भांडं आणलंय. काकांना तो आदल्या दिवशीच दिसला होता. मी त्यांना खांबाआड गाठलं तर म्हणतात कसे, "आता मांडलंय तर राहू दे. उचललं तर व्याही म्हणतील, दाखवलं एक आणि दिलं एक."

"काका, ती माझी वस्तू आहे!"

"तेच ते."

मी तोंड उघडणार एवढ्यात आईने मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मंगलाष्टकांत माझ्या डोळ्यांत पाणी होतं. बायका म्हणाल्या, बघा, मैत्रिणीवर किती जीव. वरपक्षाच्या म्हाताऱ्या टेबलाभोवती फिरत होत्या. "यंत्र दिसतंय," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "शहरातले लोक. देणारच यंत्र." आणि माझा शिकंजा टेम्पोत बसून पेठला गेला. नाव घालणारा पुढच्या फेरीला आला तेव्हा मी त्याला विचारलं, त्या लोखंडाचे किती घेतले म्हणून. तो म्हणाला, "माल जास्त होता ना ताई. स्टीलच्याच भावात घातलं."

लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत अण्णांची गाडी डावीकडे कलली. बाकीच्याही कुरकुरायला लागल्या, आणि सगळी कॉलनी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच तो विकून खाल्ला. आता सगळे म्हणायला लागले, "तुझा शिकंजा गं, तूच आण." एका सुटीच्या दिवशी मी जीपमध्ये बसले आणि पेठ गाठलं.

मंगलच्या सासूबाई, भागाबाई, अंगणातच होत्या. उन्हात एक सुंभाची खाट उभी, आणि तिच्या पायथ्याशी माझा शिकंजा: एक आकडा खाटेच्या चौकटीला, दुसरा सुंभाच्या शेवटाला. भागाबाई बसून पान्याने दांडी फिरवत होत्या आणि खाटेचा झोळ डोळ्यांदेखत ताणला जात होता. मला आधी राग आला आणि मग, खोटं कशाला लिहू, कौतुक वाटलं. त्या मला बघून म्हणाल्या, "ये पोरी. लय गुणाचं यंत्र दिलं बघ तुमच्याकडच्यांनी. आधी खाट वढायला दोन गडी लागायचे, आता मी एकली वढते. सगळ्या आळीच्या खाटा इथं येतात. एकाबी खाटेला झोळ ऱ्हायला नाय."

ओसरीवर नागलीच्या पिठाची, वरईची, सुक्या मिरच्यांची लहान लहान गाठोडी ठेवलेली. इथेही तो रिकामा परतत नव्हता.

"मावशी, ते खाटेचं नाही. मोटारीचं आहे. आणि ते माझं आहे."

"तुझं हाय? मंग नाव कसं सुनेचं? मला वाचाया येत नाय, पण मी चार जणांकडनं वाचून घेतलंय."

मंगलचा नवरा केशव पेठ-सुरगाणा जीप चालवायचा. तो मागून हळूच मला म्हणाला, "ताई, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं ते काय आहे. पण आईला सांगणार कोण?"

मग मी ओसरीवर मांडी घालून बसले. मी सोबत एक नवाकोरा स्टीलचा हंडा आणला होता, पण तो पिशवीतून काढला नाही. भागाबाई म्हणाल्या, रुखवताची वस्तू परत दिली तर लोक म्हणतील सूनच परत धाडली. मी म्हटलं, बदल्यात वस्तू आली तर तसं कोण म्हणेल? त्यांनी कुकर मागितला. मी खाटेच्या चौकटीला वाळवी लागलीय म्हणाले. त्यांनी हंडा-कळशीची जोडी मागितली. मी नाशिकला परत जायची शेवटची जीप किती वाजता म्हणून केशवला विचारलं. त्या नागलीची भाकरी, उडदाची आमटी वाढत गेल्या आणि मागणी उतरवत गेल्या. अशी बाई मी नंतर कधी पाहिली नाही. हो म्हणताना चेहरा असा करायची की आपणच लुबाडतोय असं वाटावं. जेवण संपेपर्यंत मी त्यांना एका झाकणाच्या डब्यावर आणलं होतं. एका डब्यावर! हंडा पिशवीतच राहिला.

हात धुवायला परसात गेले तर मंगल मागोमाग आली. तिने तांब्यातून हातावर पाणी ओतलं आणि अगदी हळू म्हणाली, "शैले, सौदा मोड."

"काय?"

"मोड म्हणते ना. लग्नाला किती महिने झाले? नागपंचमी गेली, गौरी गेल्या. मला न्यायला कुणी आलं? इथे कुणी मुराळी आल्याशिवाय सुनेला माहेरी धाडत नाहीत. मला भाऊ नाही. बाबांना रजा शिल्लक ठेवायची हौस. त्यांनी पत्र धाडलंय, वाच." तिने कमरेला खोचलेलं आंतरदेशीय काढलं. काकांनी खुशाली विचारली होती दीड ओळीत, आणि पुढे पानभर शिकंजा कसा आहे, गंजू देऊ नकोस, तेल लाव. "जोवर तो इथे आहे तोवर त्यांना पेठ आठवतंय. तू तो घेऊन गेलीस ना, तर मला न्यायला कोण येणार गं?"

माझा हात तसाच ओला राहिला. मी म्हटलं, "मंगले, एका डब्यावर आणलंय मी त्यांना. एका डब्यावर!"

"माहीत आहे. ऐकत होते मी. फार छान करत होतीस."

मी बाहेर आले. भागाबाईंनी शिकंजा पुसून, फडक्यात बांधून समोर ठेवला होता. आयुष्यात मी रागावून पुष्कळ सौदे मोडले आहेत. पण रागच न येता मोडलेला तो एकच. बरंच जड गेलं. शेवटी त्या फडक्याकडे बघून मी ओरडले, "डबा? या गंजक्या लोखंडाला डबा? मावशी, डबा देणार नाही. झाकण देते फक्त!"

भागाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "झाकण? माज्या सुनेच्या रुखवताला झाकण? आता सोन्याचा हंडा आनलास तरी देनार नाय!"

"आमच्या गाड्यांनी काय करायचं मग? दुरुस्तीपुरता तरी द्या."

"सुनेचा हाय. सून आसल तिथं ऱ्हाईल. तिला माहेरी न्याया कुनी आलं तर तिच्यासंगं येईल, आन् तिच्यासंगंच माघारी येईल. एकला जानार नाय!"

"ठीक आहे!" मी ओरडले. "बघून घेईन!" आणि तरातरा निघाले. मागे वळून बघितलं तर दारात मंगल पदर तोंडात कोंबून उभी होती.

मी रिकाम्या हाताने परतले ते सगळ्या कॉलनीने पाहिलं. "पेठची म्हातारी शैलाला भारी पडली," हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं, हळदीकुंकवात, बारशात, रेशनच्या रांगेत. अण्णासुद्धा हसले. मी खरं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते पेठला पोचलं असतं. फक्त भागाबाईंची अट तेवढी सांगितली. त्याच आठवड्यात पवारकाकांनी नोकरी लागल्यापासूनची पहिली रजा टाकली आणि मंगलला दिवाळसणाला आणायला गेले. येताना मंगल पुढच्या जीपमध्ये, काका मागच्या, शिकंजा मांडीवर घेऊन.

त्या दिवाळीत पाचही गाड्या उघडल्या. आणि मग चटकच लागली. संक्रांतीला मंगलला आणायला कोण जाणार यावर पुरुष भांडायला लागले, कारण जो मुराळी जाईल त्याची गाडी आधी. रक्ताचं नातं नसलेले दोघे वेल्डर तिचे मानलेले भाऊ झाले आणि भाऊबीजेला ओवाळून घेऊन गेले. भागाबाई केशवला म्हणाल्या म्हणे, काय जीव लावतात रे हिचे लोक हिला. पहिल्या बाळंतपणाला मंगल तीन महिने आली, तेव्हा तर ज्यांच्या स्प्रिंगा ठणठणीत होत्या त्यांनीही बदलून घेतल्या. बाळ पाळण्यात कुरकुरलं की आई सवयीने चहाचं आधण ठेवायची.

आता त्या मोटारी राहिल्या नाहीत. अण्णा नाहीत, काका नाहीत, भागाबाईही गेल्या. नव्या गाड्यांच्या स्प्रिंगांना ते जुने आकडे बसतसुद्धा नाहीत. मंगल मात्र दर दिवाळीला माझ्याकडेच माहेरपणाला येते, आणि येताना पिशवीत तो शिकंजा असतोच, सोबत नागलीच्या पापडांची चवड. यंदाही तिने तो माझ्या टेबलावर ठेवला. दुकानात गिऱ्हाइकं होती, माझी माणसं होती. मी म्हटलं, "मंगले, आता तरी चार लोकांत कबूल कर. हा माझा आहे."

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टी माझ्याकडे फिरवली.

"वाच ना," म्हणाली. "काय लिहिलंय?"